आमच्या लाल वाइनचं लोकांना काय खुपतं?

कन्नडजवळच्या आमच्या मळ्यात लाल वाइन वर्षातून एकदाच तयार होते. पण तिच्यावरून माझं डोकं फिरवणारी माणसं बारा महिने भेटतात! मैत्रिणी म्हणतात, "तुझ्याकडं बाटल्यांपेक्षा किस्से जास्त." खरंय. द्राक्षं आण्णा पिकवतात, वाइन आई-आण्णा मिळून करतात आणि शहरात ती विकते मी. म्हणजे बोलणी खायचं डिपार्टमेंट माझं!

*

पुंडलिकनगरात भाड्याची खोली बघायला गेले. घरमालक काकांनी विचारलं, "काय करता तुम्ही?"

"घरची वाइन आहे, ती विकते."

काकांनी कानाला हात लावले. "नाय नाय! इथं फॅमिलीवाले राहतात. व्यसनाचा धंदा आपल्याला चालत नाय!"

मी गुमान जिना उतरले. खाली त्यांचंच दुकान. दारभर तंबाखूच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या! गल्ल्यावरून त्यांच्या बायकोनं हसून विचारलं,

"काय देऊ, ताई?"

*

एका हॉटेलमालकानं वाइनचा घोट घेतला, डोळे मिटले. "लई भारी! काय रेट?"

मी सांगितला. त्यानं ग्लास खाली ठेवला. "एवढी स्वस्त? मग नको. गिऱ्हाईक म्हणंल, ह्यात काहीतरी गडबड हाय."

"अहो, आत्ताच तर लई भारी म्हणालात!"

"ते रेट ऐकायच्या आधी."

*

मुकुंदवाडीच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. माणूस तापलेला. "मॅडम, आपकी वाइन में दम नहीं! चढलीच नाय!"

"कशी घेतलीत?"

"कशी म्हंजे? बर्फ टाकला, सोडा टाकला, वरून कोल्ड्रिंक. चव पण बेकार!"

आण्णांनी वर्षभर पोरासारखी सांभाळलेली वाइन! मी म्हटलं, "मग पैसे सोडावाल्याकडून परत घ्या."

*

रील बनवणारं एक जोडपं मळ्यावर आलं. डोक्यावर मोठाल्या टोप्या. म्हणाले, "द्राक्षं पायानं तुडवतानाचा शॉट पाहिजे. काकूंना नऊवारी नेसवा ना!"

आई तेव्हा द्राक्षं चिरडायचं मशीन धूत होती. मी सांगितलं, आमच्याकडं पाय लावत नाहीत.

"पण त्याशिवाय ऑथेंटिक वाटणार नाही!"

आईनं पाण्याचा पाइप बंद केला. त्या मुलीला आपादमस्तक न्याहाळलं.

"बाई, तुमच्या घरी कणीक पायानं मळतात व्हय?"

*

आणि मागच्या हिवाळ्यात मला बघायला पाव्हणे आले. खोटं कशाला बोलू, मुलगा मला आवडला होता. फोनवर आम्ही दोन-चारदा बोललोही होतो. माझं काम त्याला 'एकदम कूल' वाटायचं. मध्यस्थ सांगत होता, "मुलाचे वडील साखर कारखान्यात. डिस्टिलरीचे मोठे साहेब!"

साहेबांनी घर बघितलं, मळा बघितला. मग खुर्चीत टेकून आण्णांना म्हणाले, "मुलगी पसंत हाय. फक्त लग्नानंतर हे वाइन-बिन बंद. आमचं घराणं माळकरी. दारूचा पैसा आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाय."

आण्णांचा चेहरा उतरला. मी मुलाकडं बघितलं. आता तरी बोलेल! तो मोबाइलवर बोट फिरवत बसला होता.

रीत पाळायची म्हणून साहेबांनीच मला विचारलं, "तुला काय विचारायचं असंल तर विचार, बेटा."

"काका, तुमच्या डिस्टिलरीत काय बनतं?"

मध्यस्थ पंख्याकडं बघायला लागला. साहेबांनी घसा साफ केला.

"ते... कारखाना बनवतो. आपण फक्त पगार घेतो."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, नाही. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून ट्रे घेऊन आली. तिनं साहेबांच्या हातात पोह्यांची प्लेट दिली आणि गोड आवाजात म्हणाली,

"खा बिनधास्त, पाव्हणं. ह्यात काय घातलेलं नाय!"