आप्पा आणि माय अथेन्समध्ये

मी घर सोडलं तेव्हा पूर्णा जंक्शनच्या फलाटावर आप्पा माझ्याकडं कमी आणि रुळांकडं जास्त बघत होते. गँगमन म्हणून उभा जन्म रूळ तपासण्यात गेलेला माणूस. कुणाच्या डोळ्यात बघायची वेळ आली की त्यांची नजर आपोआप खाली रुळांवर जायची. माय माझ्या पिशवीतला धपाट्यांचा डबा तिसऱ्यांदा नीट लावत होती. हैदराबादची गाडी हलली तेव्हा आप्पा खिडकीला हात लावून दोन पावलं चालले आणि म्हणाले, "कागदं जपून ठेव, बाई. परक्या मुलखात माणसाला कागदावरून ओळखतेत."

 माय पदर तोंडाला लावून उभी राहिली, आणि गाडी वळेपर्यंत मला तिचा तेवढा हिरवा पदर दिसत राहिला.

जर्मनीत मी नर्स म्हणून आले. इथं हॉस्पिटलातल्या वॉर्डाला 'स्टेशन' म्हणतात. पहिल्या महिन्यात मी फोनवर सांगितलं, की मला तीन नंबर स्टेशनला टाकलंय, तर आप्पांनी विचारलं होतं, "फलाट किती हायत?" त्या दिवशी मी कितीतरी दिवसांनी हसले. पुढं भाषा जमली, थंडी जमली, सायकल जमली. आमच्या गावच्या, चुडाव्याच्या शाळेत ज्या मुलीला फळ्यासमोर उभं राहायची भीती वाटायची, ती आता म्हाताऱ्या पेशंटांच्या मुलांना जर्मनमध्ये दटावते. माझ्यासारखे जे बाहेर पडलेत त्यांना हे ठाऊक असेल. आपण बदललो हे आपल्याला कळत नाही, एखाद्या दिवशी दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज आपल्या तोंडून निघतो तेव्हा कळतं.

आठ वर्षं झाली आणि नागरिकत्वासाठी अर्ज करता येईल असं कळलं. अर्ज मंजूर झाला तर मला भारताचा पासपोर्ट परत करावा लागणार होता. आपल्या देशाला दोन चालत नाहीत. मतदानाचा हक्क, नोकरीची पक्की हमी, हे सगळं पटत होतं. पण अर्ज भरून टेबलावर पडला होता, आणि मी रोज त्याच्यावर चहाचा कप ठेवत होते. घरी सांगितल्याशिवाय सही करायची नाही, एवढं ठरवलं होतं.

त्याच उन्हाळ्यात आप्पा आणि माय पहिल्यांदा माझ्याकडं आले. महिनाभर राहिले. रोज सांगू सांगू म्हणत मी सांगितलं नाही. शेवटच्या आठवड्यात मी तिघांची अथेन्सची तिकिटं काढली. जुने दगड, चांगलं जेवण आणि संध्याकाळी जागं होणारं गाव अशी त्या शहराची ख्याती होती. खरं म्हणजे माझ्या दोन खोल्यांत ती गोष्ट सांगायचा धीर होत नव्हता.

जूनचं ऊन होतं. बाकी प्रवासी टोप्या घालून हाश्शहुश्श करत होते. परभणीकडच्या माणसांना ते ऊन म्हणजे काहीच नव्हतं. माय सकाळी हॉटेलच्या खोलीत लिंगपूजा करायची, कपाळावर विभूतीच्या तीन रेघा ओढायची आणि मग पायांत बूट घालून तयार. आप्पांना डोंगरावरच्या जुन्या देवळाच्या खांबांपेक्षा एक वेगळीच गोष्ट आवडली. जुन्या बाजारपेठेच्या अवशेषांमधून तिथं चक्क रेल्वेलाइन गेली आहे. एका बाजूला अडीच हजार वर्षांचे दगड, मधून गाडी. आप्पा पुलावर कठड्याला टेकून अर्धा तास उभे राहिले. "रूळ बरे ठेवलेत," म्हणाले. त्यांच्याकडून ही मोठी शाबासकी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ॲक्रोपोलिस, म्हणजे त्या देवळाच्या डोंगरासमोरच्या एका टेकडीवर गेलो. तिथं गर्दी नसते. उघडा खडक आणि त्यातच कोरलेला एक ओटा. मी माहिती वाचून सांगितली, की इथं गावातले लोक जमायचे, त्या ओट्यावरून एकजण बोलायचा, आणि बाकीचे हात वर करून मत द्यायचे.

"मंजी ग्रामसभाच," आप्पा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, बाया यायच्या का. मी म्हटलं, बाया नाही, गुलाम नाही, आणि बाहेरून येऊन राहिलेली माणसं तर नाहीच. बापजाद्यांपासून राहत असली तरी त्यांना हात वर करता येत नव्हता.

ते बोलता बोलताच माझ्या तोंडून सगळं निघून गेलं. अर्ज, पासपोर्ट, सही. मी त्यांच्याकडं न बघता, समोरच्या खडकाकडं बघत बोलत राहिले. बोलून झाल्यावर आप्पांनी त्या ओट्याकडं बोट केलं.

"हितं बाहेरच्यांना हक्क देत न्हवते म्हणतीस," ते म्हणाले. "तुला द्यायलेत. मग घे की."

मला रडू आलं. त्यावर ते घाईघाईनं म्हणाले, जुना पासपोर्ट जमा करायच्या आधी सगळ्या पानांची झेरॉक्स काढून ठेव.

माय मागं उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "मंजी तू आता आमची न्हाईस," एवढंच म्हणाली आणि टेकडी उतरायला लागली. दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही.

संध्याकाळी नऊ वाजले तरी आभाळात उजेड होता. गल्लीत टेबलं मांडलेली, कुणीतरी तंतुवाद्य वाजवत होतं, लहान पोरंसुद्धा जागी होती. सारं गाव जणू जेवायला रस्त्यावर आलं होतं. आम्हाला मांस-अंडं नको म्हटल्यावर वेटरनं त्यांच्या उपवासाच्या दिवसांतले पदार्थ आणले. पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, आणि टोमॅटोबरोबर कसलीशी जाड पानांची कोशिंबीर. माय हात मांडीवर ठेवून बसली होती. मग तिनं वाटीतलं एक पान उचललं, उलटंपालटं केलं.

"घोळ हाय," ती आप्पांना म्हणाली. "आपल्या बांधावरची घोळ."

शेजारच्या टेबलावर एक म्हातारी बाई एकटीच बसली होती. आमच्यातलं काहीतरी तिला जाणवलं असावं. तिनं मला इंग्रजीत विचारलं, कुठून आलात. मी जर्मनीचं नाव घेताच ती भराभर जर्मन बोलायला लागली. एलेनी तिचं नाव. विशीत ती जर्मनीतल्या एका कारखान्यात कामाला गेली होती, तीस वर्षं तिथं काढून परत आली होती. मी मायला हे सांगत गेले. माय ऐकत होती. मग दिवसभरात पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली.

"तिला इचार, तिची आई गेली तवा ती पोचली का."

मी विचारलं. एलेनी मायकडं वळली. मग म्हणाली, नाही. आगगाडीनं तीन दिवस लागायचे. ती आली तेव्हा सगळं उरकलं होतं. माझ्या मनात आलं, की मायला खोटं सांगावं. पण मायची नजर माझ्यावर होती. मी खरं तेच सांगितलं.

मायनं घोळीची वाटी माझ्यापुढं सरकवली. "खा," म्हणाली. "आन ऐक. न्हाई पोचलीस तर न्हाई पोचलीस. जन्मभर मनाला लावून घेऊ नको."

एलेनीनं काय बोलणं झालं ते विचारलं. मी वाटीतलं एक पान तोंडात टाकलं. ती उठून आमच्या टेबलाशी आली आणि मायच्या शेजारी बसली. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता. वाजवणाऱ्यानं चाल बदलली, लोक टाळ्या धरायला लागले, तेव्हा एलेनीनं मायचे हात धरून तिलाही टाळ्या धरायला लावल्या. माय लाजली, पण थांबली नाही. आप्पा हसून दुसरीकडं बघायला लागले.

परतल्यावर मी सही केली. पुढच्या हिवाळ्यात नवा पासपोर्ट हातात आला. आप्पांनी फोनवर जुन्या-नव्या दोन्ही पासपोर्टचे नंबर लिहून घेतले. त्या वर्षी मी आयुष्यात पहिल्यांदा इथल्या निवडणुकीत मत दिलं, आणि त्यांनी विचारलं, रांग लय होती का.

अथेन्सच्या त्या चार दिवसांबद्दल मी कुणाचे आभार मानायचे ते मला अजून ठरवता आलेलं नाही. गावाकडच्या मैत्रिणी विचारतात, तू आता कुठली? पूर्वी मी उत्तर शोधत बसायचे.

परवा लांबलेली ड्यूटी संपवून मी जिना चढत होते आणि मायचा फोन आला. एरवी ती म्हणते, घरी कधी येतीस. त्या दिवशी तिला शेजारणीला माझा फ्लॅट दाखवायचा होता. स्वयंपाकघर कसं हाय, खिडकीतून काय दिसतं, पलंगावर तिनं शिवून दिलेलीच गोधडी हाय का, सगळं.

"घरी हायस का?" तिनं विचारलं.

मी दार उघडून दिवा लावला आणि म्हटलं, "हो माय, घरीच आहे."