टिचबटणांची शिडी

भवानी पेठेतल्या अर्ध्याअधिक बायकांचे ब्लाऊज माझी थोरली बहीण शिवायची, आणि माप घेता घेता त्यांची यथेच्छ टिंगलही करायची. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तिला सातवीतून काढून उजवलं होतं. वर्षभरात ती परत आली आणि शिलाईच्या मशीनवर बसली ती कायमचीच. सत्तरच्या दशकात मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हा माढ्याचं एक स्थळ मला सांगून आलं. अण्णा म्हणाले, "कालेजच्या प्रदर्शनात काय करतीस ते बघतो. मग ठरवू."

मला डीएनएचं मॉडेल करायचं होतं. अण्णा मागावर कामाला, त्यामुळे चादरींचे कापलेले काठ घरात कायम पडलेले असत. त्यातल्या दोन लांब पट्ट्या म्हणजे डीएनएचे दोन धागे. त्यांना ताई कापडाच्या जिभा शिवणार होती, डीएनएतल्या चार घटकांसाठी चार रंगांच्या: ए तांबडी, टी पिवळी, जी हिरवी, सी पांढरी. तांबडी आणि हिरवी लांब, उरलेल्या दोन्ही आखूड. समोरासमोरच्या जिभा टिचबटणांनी जोडल्या की झाली शिडी.

मी कॉलेजातून परत येते तो काय, ताईनं शिंपिणीच्या सवयीनं मॅचिंग करून ठेवलेलं! तांबडीसमोर तांबडी, पांढरीसमोर पांढरी. शिडी एकीकडे फुगलेली, दुसरीकडे आवळलेली.

"ही शिडी हाय का शेळी गिळलेला अजगर?" ताईच हसत सुटली.

"अगं, लांब जिभेसमोर आखूडच पाहिजे. तांबडीला पिवळी, हिरवीला पांढरी. मग रुंदी सगळीकडे सारखी राहते."

"म्हंजे सगोत्र चालत न्हाय, असं म्हण की!"

सगळं उसवून पुन्हा शिवलं. तांबडी-पिवळीला दोन बटणं, हिरवी-पांढरीला तीन. ताईचं म्हणणं, शिवूनच टाकू, पक्कं राहील. मी सांगितलं, हे उघडताही आलं पाहिजे. एकेक बटण लेचंपेचं, पण सगळी मिळून धरून ठेवतात, आणि डीएनएची नवी प्रत बनवायची वेळ आली की पट्ट्या अलग होतात. तिला ते फार आवडलं. शिवताना ती स्वतःशीच रंग म्हणत होती.

प्रदर्शनाला अण्णा धुतलेली टोपी घालून आले, सोबत ताई. अण्णांनी टिच टिच करत सगळी बटणं उघडली. एक पट्टी त्यांनी पाठीमागं लपवली.

"ही हरवली तर?"

मी तोंड उघडायच्या आत ताई उरलेल्या पट्टीवरून बोट फिरवायला लागली. "हितं तांबडी हाय, म्हंजे तितं पिवळी. हितं हिरवी, म्हंजे तितं पांढरी. हरवू द्या की, हिच्यावरनं दुसरी नवी शिवते." पार टोकापर्यंत ती रंग सांगत गेली. अण्णांनी लपवलेली पट्टी पुढं घेऊन ताडून बघितली. एकही रंग चुकला नव्हता.

"तुला शिकवाय पायजे हुतं गं," अण्णा म्हणाले.

ताईनं मान वर केली नाही. ती बटणं लावत होती. "माजं ऱ्हाऊ द्या, अण्णा. हिला तेवडं काडू नका."

अण्णांनी शेवटचं बटण स्वतःच टिच करून लावलं. मग म्हणाले, "न्हाय काडत."

माढ्याला नकार गेला. मला आनंदानं रडू यायला हवं होतं, पण मी रडले ती ताईसाठी.