देवळाला दगडासारखा रंग

हॉस्टेलच्या मंडळींनो, वाचून हे पत्र पुढच्याकडे पाठवा.

जुन्या वास्तूंच्या जतनाची पदवी घेऊन घरी बसलोय. आज पुन्हा भंडाऱ्याच्या रोजगार कार्यालयातून हात हलवत परतलो. एसटीतून उतरलो, तर गावचे सरपंचकाका समोर उभे.

"तुले काम भेटलं गा! आपल्या जुन्या देवळाले ऑइल पेंट मारून राहिलो. रंग तू सांग."

"काका, पेंटनं दगडात ओल कोंडते. लावूच नका."

"मंग शिकला कायले?"

वाद घालायचं त्राण नव्हतं. घरी जाऊन पडलो.

संध्याकाळी पाहतो, तर देवळाची दर्शनी भिंत चकचकीत राखाडी. काका खूश. "तुले दगडच आवडते ना? म्हणून दगडासारखाच रंग आणला!"

आता तुम्हीच सांगा, पुढच्या अर्जात हा अनुभव लिहू का?