आत्यानं परत नेलेलं बोंडलं

शकूवन्सं गेल्याचा फोन आला, तेव्हा मी गौरीची वेणी घालत होते. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, राहायला गोखिवऱ्याला. “आत्या गेली,” म्हटल्यावर गौरीनं विचारलं, “ती माझ्याशी कट्टी का होती गं?” … मी वेणी सोडून पुन्हा घालायला घेतली.

गौरी पोटात असताना तपासणीत मला एचआयव्ही असल्याचं कळलं, मग नवऱ्यालाही असल्याचं. मनवेलपाड्यातल्या दोन खोल्यांत आम्ही भिंतींनाही कान असल्यासारखे कुजबुजायचो. सांगितलं फक्त वन्संना. खाडीकाठी शेतात वाढलेली बाई, तोंडानं फटकळ, पण तेव्हा एवढंच म्हणाल्या, “कोनाला बोलू नको. मी हाय.” आणि खरंच होत्या. बारशाला सगळ्यांदेखत बाळ मांडीवर घेऊन त्यांनी कानात नाव सांगितलं. तान्ह्याला वरचं दूध पाजायचं चांदीचं बोंडलंही हौसेनं आणलं होतं. पण एचआयव्ही तपासणी केंद्रातल्या समुपदेशक ताईंनी बजावलं होतं, की मी गोळ्या चुकवायच्या नाहीत, बाळाला त्याचं औषध द्यायचं आणि सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वर पाण्याचा थेंबही नाही. बोंडलं फळीवर गेलं.

बाळाची सरकारी दवाखान्यातली पहिली तपासणी चांगली आली, तरी वन्संचा जीव थाऱ्यावर नव्हता. चौथ्या महिन्यात, देवीच्या पाया पाडून आणते म्हणून गौरीला घेऊन गेल्या आणि कुठल्याशा खासगी लॅबमध्ये तिचं रक्त तपासून आल्या. त्यात दोष निघाला. माझ्या दुधातूनच तो आला, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं आणि आमच्याकडे येऊन, मी बाजारात गेले की बोंडल्यानं गाईचं दूध पाजू लागल्या. एके दिवशी मी दारातून पाहिलं. त्यांनी लपवलंही नाही. “तुज्या दुदानं पोर जाईल गं,” म्हणाल्या आणि रडल्या.

बाळाला घेऊन आम्ही दोघी केंद्रात गेलो. ताईंनी समजावलं, की पोटात असताना आईची प्रतिपिंडं बाळाला मिळतात आणि दीड वर्षापर्यंत रेंगाळू शकतात. लॅबला दिसली ती आईची होती. दवाखान्यानं बाळाच्या रक्तात खुद्द विषाणू शोधला होता, तो सापडला नव्हता. “पण अंगावरचं आणि वरचं दूध एकत्र दिल्यानं मात्र धोका वाढतो,” त्या म्हणाल्या.  घरी येऊन वन्संनी बोंडलं पदराआड घेतलं आणि निघून गेल्या.

पुढचे महिने आम्ही कसे काढले, ते आमचं आम्हाला ठाऊक. दीड वर्षानंतरच्या तपासणीत गौरी सुटली. वन्संनी पेढे पाठवले, स्वतः आल्या नाहीत. नंतर यायच्या, पण तिला कधी मांडीवर घेतलं नाही, हातानं घास भरवला नाही. खाऊ टेबलावर ठेवायच्या, घटकाभर बसायच्या आणि जायच्या.

झालं गेलं विसरा, एवढं मी म्हणू शकले असते. म्हटलं नाही. त्या मान खाली घालून बसायच्या, तोवर घरात कुणी माझ्या आजाराकडे बघत नव्हतं. माझ्या वाट्याची लाजही मी त्यांच्याच पदरात टाकली होती. आता हे लिहितानाही तोंड लपवावंसं वाटतं.

परवा त्यांचं कपाट आवरायला गेलो. साड्यांच्या तळाशी बोंडलं होतं. इतक्या वर्षांत चांदी काळी पडायला हवी होती, पण ते लखलखीत… घासत असणार. गौरीनं ते उचललं.

“कुणाचं गं?”

“तुझं. आत्यानं आणलं होतं.”

“मग दिलं का नाही?”

“मी परत मागितलं नाही म्हणून,” मी म्हणाले.