जावयाची थंडगार गाडी

राहुरी तालुक्यात इंजिनातलं माझ्याइतकं कळनारा दुसरा मानूस न्हवता. ही गोष्ट मला सोडून कुनालाच म्हाईत न्हवती, म्हनून माझ्या गॅरेजात गिऱ्हाईक कमी आन् माश्या जास्त. शाळेचं म्हनाल तर शाळा मी भायेरनंच बघितली. भिंत चांगली हुती.

नव्वदनंतरच्या सालात आमच्याकडं पानी अडवायच्या योजना आल्या हुत्या, परदेशी पैशाच्या. तसल्या एका योजनेची जुनी पिकअप लिलावात निघाली आन् मी घेतली. फॉरेनची, पेट्रोलवर चालनारी, स्टेअरिंग डाव्या अंगाला. रस्त्यात हात करनारा मानूस सवयीनं उजव्या खिडकीशी यायचा. एकदा तिकडं बाजारला न्यायचा बोकड बसवलेला, तर एक म्हातारा त्यालाच म्हनला, "डायव्हरसाब, राहुरीला सोडता का?" मी हिकडनं वरडलो, "डायव्हर मी हाय!" म्हातारा एकदा बोकडाकडं, एकदा माझ्याकडं बघून म्हनला, "ऱ्हाऊ द्या, मी यष्टीनं जातो."

गाडी आनली त्याच दिशी मी इंजिनावरचं पान्याचं झाकन खोललं. आत पितळी बूच हुतं. थर्मोस्टॅट म्हनत्यात त्याला. इंजिन गार हाय तवर ते पानी अडवून धरतं, तापलं की सोडतं. म्हनलं, नगरच्या उन्हात पानी अडवून काय करायचंय? काढलं. आमच्याकडं समदेच मेस्त्री काढायचे. फॉरेनचं म्हनून फेकवलं न्हाई, शिटाखाली टाकून दिलं. तवापासनं तापमानाची सुई तळाला चिकटली ती उठलीच न्हाई. मी येनाऱ्या-जानाऱ्याला दाखवायचो, "बघा, ऊस भरा न्हाईतर घाट चढा. आपली गाडी तापत न्हाई!"

थंडी पडली तसा सुईशेजारी एक पिवळा दिवा लागला. त्यात इंजिनाचं बारकं चित्र. लागला त्यो इझंचना. कारभारीन बाळंतपनाला म्हायेरी, राहात्याला गेलेली. तिनं आरशाला चिकटवून ठेवलेली मोठी टिकली मी काढली आन् दिव्यावर लावली. दिवा गेला. इलेक्ट्रिकची कामं मी आशीच करायचो.

पोरगी तीन म्हयन्याची झाली तवा आनायला निघालो. संक्रांत जवळ आल्ती. पहिल्या संक्रांतीचं बोरन्हान आपल्या घरी व्हावं म्हनून आईनं चुरमुरे, रेवड्या भरून ठिवलेल्या, काळं झबलं शिवून घेतलेलं. मला एकच सांगितलं, "नात घिऊन ये. रिकाम्या हातानं आलास तर दारातच हुबा ऱ्हाशील."

राहात्याला सासऱ्याच्या दारात पेरूच्या झाडाखाली मी झोकात गाडी वळवली आन् मागं घेतली. मागं दोरीवर पोरीची दुपटी, लंगोट वाळत हुते, दुधासारखे पांढरे. जावई आल्याचं घरात कळावं म्हनून मी ॲक्शिलेटर दाबला. काळ्या धुराचा लोट असा सुटला की दोरी दिसंना. धूर गेल्यावर समदी दुपटी म्हशीच्या रंगाची.

सासूबाई भायेर आल्या. त्यांना मी मामी म्हनायचो. लई बोलायच्या न्हाईत, पर बघायच्या अशा की मानूस आपसूक टोपी काढायचा. त्यांनी दुपटी बघितली, मंग गाडीत डोकं घातलं आन् पदर नाकाला लावला.

"जावईबापू, ह्यात पेट्रोल टाकीत भरता का शिटावर?"

"मामी, फॉरेनच्या गाडीला आसा वास असतोच."

"आन् ही टिकली? गाडीला लावलीया व्हय?" त्यांनी नखानं टिकली उचकटली. खाली दिवा ढळढळीत. "डोळा झाकलाय व्हय तिचा! ह्या धुरात माझी नात बसायची न्हाई. आधी हिला बरी करा, मंग पोरगी न्या. न्हाईतर बोरन्हान हितंच करते मी."

टिकली त्यांनी जागच्या जागी चिकटवली. कारभारीन दारात तोंडाला पदर लावून हासत हुती. म्हनली, "अवो, निदान पोरीला बघून तरी जा." पोरगी मांडीवर दिली. मी बोट फुडं केलं, तर ग्रीसचं बोट तिनं गच्च धरलं आन् सोडंना. आता काय सांगायचं. तसाच परत गेलो, पर त्या बोटाला मी घरी पोचस्तवर साबन लावला न्हाई.

दुसऱ्या दिशी भिंगारला गेलो. योजनेवर हीच गाडी चालवलेले काका तिथं ऱ्हायचे. जयभीम घातला, गाडी दाखवली. काकांनी बॉनेट उघडून कडंची एक डबी उघडली, तिच्यातली दोन भोकं वायरच्या तुकड्यानं जोडली आन् म्हनले, "चावी फिरव. बंद इंजिनात दिवा मिचकतो, त्यो मोजायचा. त्यो सांगतो काय दुखतंय."

मी चावी फिरवून बसलो. काका म्हनले, "किती?"

"काईच न्हाई."

"मंग दिवा गेला आसंल."

"न्हाई काका, दिवा हाय. टिकलीखाली हाय."

काकांनी मला बाजूला सारलं. मंग स्वताच वाकून टिकली काढली. दिवा दोनदा मिचकला, थांबला, मंग सा वेळा. पुन्ना तसंच.

"सव्वीस," काका म्हनले. "इंजिनात पेट्रोल जास्त जातंय. धूर त्याचाच."

"पर का जातंय?"

"तेवढं त्यो सांगत न्हाई, लेका. त्यो दिवा हाय, देवरुशी न्हाई. काम झालं की बॅटरीची वायर काढून घटकाभर ठेव, म्हंजी जुनं इसरतो. पर आधी काम कर!"

मी काम केलं. प्लग काढले, तर त्यावर एवढं काजळ की पोरीला वरीसभर तीट लावता आली आसती. पुसले. हवेचा फिल्टर झटकला. मंग पेट्रोल कमी करायचं म्हनून कार्बोरेटर शोधाया बॉनेटात निम्मा शिरलो. कार्बोरेटर सापडला न्हाई. तसल्या गाडीला त्यो नसतोच, हे मला कुठं ठावं? एक स्क्रू सापडला, त्यालाच कार्बोरेटरचा म्हनून दोन दिस पिळत ऱ्हायलो. त्यो हेडलाइटचा निघाला. धूर जसाच्या तसा, फकस्त एक दिवा आभाळातल्या घारी बघाया लागला.

आई दोन टाइम इचारायची, "झाली का?" शेवटी संक्रांत तोंडावर आली तसा मी भल्या सकाळी निघालो. गाडी बरी न्हवती, तरी बी निघालो. म्हनलं, मामीच्या पाया पडू, मामाकडनं, म्हंजी सासऱ्यांकडनं, वशिला लावू. सासरे तंबाखू मळत ओट्यावर हुते. मी डोळ्यानं खुनावलं तर त्यांनी तंबाखू फुडं केली. वशिला तिथंच संपला.

मामी पोरीला न्हाऊ घालून शेगडीवर शेकत हुत्या. एका हातानं ओव्याची धुरी, दुसरा हात पोरीच्या तळपायाला. घटकंघटकंला तळपाय चापसायची त्यांना सवय. गार लागला की गुंडाळायचं. पोरीला कारभारनीकडं देऊन त्या भायेर आल्या आन् त्याच सवयीनं गाडीच्या बॉनेटवर हात ठिवला. मंग मला म्हनल्या, "उघडा." मी उघडलं. त्यांनी पान्याच्या नळीवर हात ठिवला.

"कवा आलात?"

"आत्ताच की मामी, तुमच्या देखत. थेट घरनं."

"आन् ही आजून कोमट? एवढ्या दूरनं पळत आलेलं जनावर घामाघूम व्हतं. हिला हिव भरलंय. पोरगी बी आंग गार असलं की सारखी प्याया मागती, ही बी तसंच करत आसंल."

मी तोंड उघडलं ते सुई दाखवून 'आपली गाडी तापत न्हाई' म्हनायला. आन् उघडंच ऱ्हायलं. बूच! पानी कुनी अडवंना, म्हनून इंजिन तापंना. इंजिन तापंना, म्हनून पेट्रोल सोडनाऱ्या त्या फॉरेनच्या मशिनीला वाटायचं आजून पहाटच हाय, गाडी गार हाय, पाज तिला पेट्रोल. मी आख्खा हिवाळा हिची शेगडी काढून ठिवली हुती आन् गावभर त्याचीच बढाई मारत फिरत हुतो.

शिटाखालनं बूच काढलं. झाकनाखाली बसवायला पॅकिंग न्हवतं, तर सासऱ्यांनी पेरूच्या खोक्याचा पुठ्ठा दिला, त्यो कातरला. वंगान लावून बसवलं, पानी भरलं, काकांनी सांगितल्यापरमानं बॅटरीची वायर काढून ठिवली. तवर मामींनी चहा दिला, त्यात आलं एवढं की मला बी घाम फुटला. मंग गाडी चालू केली. सुई हालली. जराशी. मंग आनखी. मी एवढा खूश झालो की सासऱ्यांना कवळा घातला. त्यांची तंबाखू सांडली.

दिवा लागला न्हाई. धूर बी दिसंना. पर मामींचा इस्वास माझ्यावर कवाच न्हवता. त्यांनी घरातनं धुतलेलं एक पांढरं दुपटं आनलं, सायलेन्सरमागं पसरून धरलं आन् मला म्हनल्या, "दाबा आता, त्या दिशी दाबला तसा."

मी दाबला. समदं घर दारात हुबं. मामींनी दुपटं उजेडाला धरलं, उलटं केलं, सुलटं केलं. पान्याचे दोन थेंब हुते, बाकी काई न्हाई. त्यांनी वास घेतला. मंग घराकडं तोंड करून म्हनल्या, "भर गं बाई सामान. बोरन्हान सासरी."

मंग काय इचारता! पाळना चढला, डिंकाच्या लाडवाचा डबा चढला, पेरूची दोन खोकी चढली. कारभारीन उजव्या अंगाला, जिथं बोकड बसायचा तिथं, पोरीला घिऊन बसली. मामी खिडकीतनं वाकून पोरीच्या टोपड्याच्या नाड्या बांधत हुत्या. माझी छाती अशी फुगलेली की स्टेअरिंगला टेकाया लागली. गप ऱ्हावं की न्हाई? मी म्हनलं, "बघा मामी, शेवटी जमवलंच का न्हाई? इंजिनातलं कळाया डोस्कं लागतं."

मामींनी गाठ मारली आन् वर बघितलं.

"पोरगी येवस्थित चालू हाय, जावईबापू. हिचं काय काढून ठिवू नका."