तांदूळवहिनीचं रक्त

तांदूळवहिनीच्या मुठीत कायम कच्चे तांदूळ असायचे. बोलता बोलता चार दाणे तोंडात टाकायची आणि कुडूमकुडूम चावायची. मोरिवलीच्या आमच्या चाळीत सगळे हसायचे. अंगात रक्त नसलं की असलं काहीबाही खावंसं वाटतं, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात आम्ही दोघी शेजारच्या मशीनवर होतो. महिन्यातले आठ-दहा दिवस ती काळाच ड्रेस घालायची. जिना चढताना मध्येच बसायची, ओठ पांढरेफटक. विचारलं तर म्हणायची, "बाईच्या जातीला एवढं चालायचंच गं."

एकदा ती मशीनवरच कोसळली. "भाभी को डॉक्टर के पास ले जाओ," शेठ म्हणाला. मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरबाई तिच्यावर रागावल्याच. लोहाच्या गोळ्यांबरोबर त्यांनी आणखी एक पाकीट लिहून दिलं. "या पाळणा लांबवायच्याच गोळ्या आहेत," त्या म्हणाल्या, "पण तुम्हाला पाळीत रक्त कमी जावं म्हणून देतेय. जाणं कमी झालं की अंगात टिकेल."

टिकलं. तीन-चार महिन्यांत ओठांवर रंग आला. महाशिवरात्रीला शिवमंदिराच्या लांबलचक रांगेत ती लेकीला कडेवर घेऊन उभी राहिली. "इतकी वर्षं मला वाटायचं, मी आळशीच आहे," ती म्हणाली.

मग पाकीट नवऱ्याच्या हाती लागलं. तो मेडिकलवाल्याला विचारून आला आणि दारातच ओरडला, "एका पोरीवर थांबायचं ठरवलंस? मला न विचारता?" वहिनीने रिपोर्ट पुढे केला. त्याने तो हातातही घेतला नाही. सासू म्हणाली, "असल्या गोळ्यांनी कूस सुकते. वंश बुडवतेस आमचा." मी मध्ये पडले, तर मला दार दाखवलं. वहिनीने गोळ्या सोडल्या. "राहायचं तर इथंच आहे ना मला," एवढंच म्हणाली.

मुलगा काही झाला नाही. रक्त मात्र पुन्हा जायला लागलं. दोनदा बाटल्या चढवल्या. शेवटी एका खाजगी डॉक्टरने गर्भपिशवी काढायला सांगितली. तेव्हा घरात कुणी कुरकुरलं नाही. ज्याला गोळी खपली नव्हती, त्याने ऑपरेशनच्या कागदावर मुकाट सही केली. "रोजची कटकट तरी मिटेल," सासू म्हणाली. वहिनीने अजून तिशीही गाठली नव्हती.

टाके सुकतात न सुकतात, तोच नवऱ्यासाठी दुसरी बघायला सुरुवात झाली. वहिनीचा भाऊ तिला न्यायला बदलापूरहून आला. चाळीतल्या बायका दारादारांत उभ्या होत्या, खाली कुणी उतरलं नाही. लेकीला मांडीवर घेऊन वहिनी रिक्षात बसली. काही बोलायचं म्हणून मी तब्येतीचं विचारलं.

"परवाचा रिपोर्ट एकदम नॉर्मल आला गं," ती म्हणाली. "आता कुणालाच बघायचा नाहीये."