आमोण्याच्या राजाची चाल

गोकुळदास वर्षातून एक दिवस राजा असायचा आणि बाकीचे सगळे दिवस टायरवाला. खाणी जोरात होत्या तेव्हा गोव्यातल्या डिचोलीच्या रस्त्यावरचे खनिजाचे ट्रक त्याच्या हाताखालून पुढे जायचे. खाणी थंडावल्यावर त्याने साखळी गावाच्या वाटेवर पंक्चरचं दुकान थाटलं. कोपरापर्यंत काळे हात आणि वाकलेली पाठ, असा तो एरवी दिसायचा. पण आमोण्याच्या देवळाची जत्रा आली की मंडपातल्या नाटकात राजा तोच. तो मुकुट डोक्यावर घ्यायची दुसऱ्या कुणाची छाती झाली नाही, आणि झाली असती तरी गावाने चालवून घेतलं नसतं. संवाद तो हमखास विसरायचा. प्रॉम्प्टर बिचारा विंगेत घसा फोडून घ्यायचा. पण पहिल्या प्रवेशाला छाती काढून, एकेक पाऊल घोळवत तो आत आला की पोरंसुद्धा जत्रेतलं गोड खाजं चघळायची थांबायची.

बायको कमलाक्षी बायकांच्या बाजूला बसून हे सगळं बघायची. ह्या माणसाने तिला घरात फार सुखात ठेवलं असं मुळीच नाही. रागीट, हट्टी, आणि कौतुकाला कायम हपापलेला. पण तो चालत आला की तिला त्याचं सगळं माफ करावंसं वाटे. आता ह्याला कोण काय करणार!

गणपतीची चवथ उलटली आणि दुकानात पान्हा उचलताना त्याचा डावा हात गळून पडला. तोंड वाकडं झालं, डावा पाय अंगाखाली राहिना. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. जीव वाचला. मग मुलाने, गौरेशने, धावपळ करून त्याला डिचोलीकडच्या एका लहानशा केंद्रात जागा मिळवून दिली. पक्षाघातातून उठलेल्या माणसांना तिथे परत चालायला शिकवायचे. शिकवणारी सेजल नावाची मुलगी होती, हसतमुख पण कामाला कडक.

पहिल्याच दिवशी तिने कमलाक्षीला बाजूला घेतलं. "काकी, पयले म्हयनेच महत्त्वाचे. आता पाय शिकता, तसो मागीर शिकूचो नाय. हंय खाटी थोड्यो. मदें एकदा आमी तेंका चलवन बघतलों. जो बरो चलता तो घराक, दुसऱ्याक खाट. जेका गरज आसा तो रवता." चांगलं चाललं तर घरी पाठवतील आणि शिकणं तिथेच थांबेल, हे कमलाक्षीला नीट समजलं. तिने ते नवऱ्यालाही सांगितलं. पण त्याच्या कानात शिरली ती फक्त 'परीक्षा'. आणि परीक्षेत मुद्दाम नापास व्हायचं, हे गोकुळदासाच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नसतं.

त्यात गौरेशच्या तोंडून निघून गेलं, की जत्रेच्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्यात आणि राजाचं काम तूर्तास बाबाजी वाचतोय. बाबाजी म्हणजे सोसायटीत कारकून असलेला तिशीतला पोरगा. दुसऱ्या दिवसापासून, सेजल जेवायला गेली की गोकुळदास चाचणीच्या कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, जाऊन बसायचा. लांब ओसरीत जमिनीवर दोन पट्ट्या चिकटवल्या होत्या. उठायचं, इकडून तिकडे चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. चाचणी तेवढीच. त्याची तालीम त्याने सुरू केली. डाव्या पायाचा पंजा वर उचलला जात नव्हता, म्हणून तो सगळा पाय कमरेतून बाहेर फेकून पुढे आणायचा. आणि राजाची चाल तरी वेगळी काय होती? संथ, घोळदार, खांदा झुलवत टाकलेली! नेमकी ह्याच दुखण्यावर बेतल्यासारखी.

एका सकाळी केंद्रात सोबतीला राहिलेली कमलाक्षी पाणी आणायला लवकर उठली, तर तो संडासाच्या बाहेर होता. दोन्ही तळवे भिंतीला टेकलेले. डावा पाय पालथा पडून फरशीवर घासत येत होता, अंगठ्याचं नख फुटून रक्त आलं होतं. बघणारं कुणी नव्हतं, म्हणून त्याची खरी चाल उघडी पडली होती. ती त्याला धरायला पुढे झाली.

"कोणाक सांगशीत तर बघ," तो म्हणाला.

चाचणीच्या दिवशी ओसरी भरली होती. बाकांवर पेशंट, त्यांची माणसं, मये-साखळीकडचे ओळखीचे चेहरे. "राजा चलतलो आज," कुणीतरी म्हणालं. झालं! गोकुळदासाला आणखी काय हवं होतं? त्याने कमलाक्षीला पलीकडच्या पट्टीजवळ उभं केलं. सेजलने हातातलं घड्याळ सुरू केलं, आणि तो उठला.

तो असा चालला की कमलाक्षी बघतच राहिली. मान ताठ, नजर सरळ तिच्यावर. डावं पाऊल घोळदार फेरा घेऊन पुढे पडत होतं, आणि वळताना त्याने उजव्या टाचेवर अंग असं फिरवलं की खांद्यावरचा टॉवेल शेल्यासारखा उडाला. बाकांवरून टाळ्या आल्या. कमलाक्षीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

सेजलने घड्याळ बघितलं. वेळ चांगली, आधार नाही, वळताना तोल गेला नाही. तरी पाय बाहेरून वळून येतोय हे तिला खटकलं असावं. "पाय इल्लो भायल्यान फिरता," ती म्हणाली. मग कमलाक्षीकडे वळली. "काकी, एरवी पण असेच चलतत मगो?"

गोकुळदास बायकोकडे बघत होता. सगळी ओसरी बघत होती.

"हो," कमलाक्षी म्हणाली.

त्याच आठवड्यात ते घरी आले. घरी टाळ्या नव्हत्या. शेणाने सारवलेलं अंगण, उंच उंबरा, न्हाणीची बुळबुळीत पायरी. आणि बघायला एकटी बायको, जिच्यासमोर सोंग घ्यायची त्याला गरज नव्हती. सेजलने लिहून दिलेले व्यायाम तो दोन दिवस करायचा, चार दिवस सोडायचा. न्हाणीत एकदा पडला, मग पडायच्या भीतीने उठणंच टाळू लागला. पाय आत वळून ताठला. डाव्या हाताची मूठ मिटली ती मिटलीच. जत्रेच्या दिवशी गौरेशने आणि शेजारच्या एका पोराने त्याला धरून मंडपात न्यायची तयारी केली. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. दोघांच्या खांद्यावर लोंबकळत त्या मंडपात जायचं? त्यापेक्षा तो मेला असता. नाटकातला ढोल घरापर्यंत ऐकू येत होता. कमलाक्षीने दारं लावून घेतली.

जत्रेनंतर सेजल चौकशीला आली. तो आतल्या खोलीतून भिंत धरून, पाय ओढत बाहेर येत होता. अंगणातली सेजल त्याला आधी दिसली नाही. दिसली तेव्हा त्याने सवयीने मान वर केली, छाती काढली, पाय कमरेतून फेकायला गेला. पाय हलला नाही. तो तसाच खाली बसला, आणि सेजल धावली.

तिने पाय तपासला, पंजा वर दाबून बघितला.

"परत थंय घेशात माका?" त्याने विचारलं. इतक्या हळू आवाजात तो कधी बोलला नव्हता.

सेजल खोटं बोलली नाही. "घेवक येतला, काका. काठी घेवन थोडां चलशात. पण तेव्हा जां जमण्यासारख्यां होतां, तां आता जमाचां नाय."

गोकुळदासाने मान हलवली. मग तो बायकोकडे वळला. राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना.

"तुका खबर होती. त्या सकाळी तू माका बघितलंस. सांगूक नाय कित्याक?"

तुम्हीच बजावलं होतंत, असं तिला म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. पण ती त्याच्याजवळ जमिनीवर बसली आणि त्याचा तो थंड पाय तिने मांडीवर घेतला.

"तुमी इतके बरे चल्लात त्या दिसा," ती म्हणाली. "माकाच खरां वाटलां."